फुटणे आणि मोडणे

मराठीच्या मास्तराकडे गावातली माणसे कशासाठी येतील याचा नेम नसतो. लग्नपत्रिकेचा मजकूर, सत्काराचे मानपत्र, बँकेच्या साहेबाला लिहावयाचा अर्ज, चौकातल्या फलकावरची श्रद्धांजली, अशी कामे मी गेली वीस वर्षे पालीत बिनबोभाट करीत आलो आहे. कॉलेजात मी काय शिकवतो हे गावाला नीटसे ठाऊक नाही. पण ‘कागद करून देणारे सर’ म्हणून मला सगळे ओळखतात. तेव्हा यंदा अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस होतात न होतात तोच संध्याकाळी पाच तरुण दारात येऊन उभे राहिले, त्याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्यांनी सांगितलेल्या कामाचे.

“सर, बेंजो पार्टी मोडायची आहे,” त्यांतला एक म्हणाला. “तेवढा कागद करून द्या.”

घाटावरच्या वाचकांसाठी इथे थोडे सांगावयास हवे. आमचा बेंजो म्हणजे अमेरिकन चित्रपटात दिसते ते गोल कातड्याचे वाद्य नव्हे. आमचा बेंजो लांबट पेटीसारखा. एका हाताखाली टाइपरायटरसारख्या कळा आणि दुसऱ्या हातात तारा छेडावयाची पट्टी. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानात टायशोगोतो नावाचे एक वाद्य निघाले, त्याचा हा वंशज. कोणी त्याला बुलबुलतरंग असे गोड नाव दिले आहे. पण कोकणात ते नाव कोणी घेत नाही. इथे त्याला वीज जोडली, स्पीकर लावला, सोबत कीबोर्ड, ढोलकी आणि ताशा घेतला, सगळे टेंपोत चढविले आणि त्याची बेंजो पार्टी झाली. हळदीची रात्र असो, गणपतीची मिरवणूक असो, नाहीतर गावदेवीची पालखी असो, तिच्यावाचून आमच्या रायगड जिल्ह्यात पान हलत नाही.

ही पार्टी मूळ आठ जणांची. पाच माझ्याकडे आले होते, दोघे कामावर होते आणि एक रुसला होता. पाचांपैकी दोघे माझे जुने विद्यार्थी. ढोलकीवाल्याला तर मी एकदा व्याकरणाच्या पेपरात नापासही केले होते. ते तो विसरला नव्हता आणि मीही विसरलो नव्हतो. सहा वर्षे त्यांनी एकत्र वाजविले. लगीनसराईत सुपाऱ्या घ्यावयाच्या, पावसाळ्याचे चार महिने वाद्यांवर प्लास्टिक टाकून ठेवावयाचे, गणपतीत दीड दिवसापासून दहा दिवसांपर्यंत हात दुखेस्तोवर वाजवावयाचे, असा त्यांचा क्रम. आता कीबोर्डवाल्याला रोह्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. पाळी बदलती, तेव्हा रात्रीची सुपारी त्याला जमावयाची नाही. बेंजो वाजविणाऱ्याला पेणकडच्या एका मोठ्या पार्टीने बोलावले होते. राहिलेल्यांना वाजवावेसे वाटत होते, पण कुणाच्या भरवशावर?

मी विचारले, “भांडण काय झाले?”

“भांडण काहीच नाही, सर.”

हे ऐकून मला अधिकच वाईट वाटले. भांडण असते तर मिटविण्याचा प्रयत्न तरी करता आला असता. वाद्ये कुणाची हे ठरले होते. ज्याने जे आणले ते त्याने न्यावयाचे. अडले होते दोन गोष्टींपाशी. स्पीकरसाठी काढलेल्या कर्जाचे चौसष्ट हजार अजून फिटावयाचे होते आणि जामीन होते कीबोर्डवाल्याचे वडील. दुसरी गोष्ट पार्टीच्या नावाची. टेंपोला बांधावयाच्या पडद्यावर, टी-शर्टांच्या पाठीवर आणि पाच-पंचवीस गावांतल्या लोकांच्या तोंडी बसलेले ते नाव आता कुणी वापरावयाचे? मी त्यांना रविवारी यावयास सांगितले. पैशाचा मजकूर मला तिथल्या तिथे लिहिता आला असता; नावाचे काय लिहावे ते सुचेना.

रात्री जेवणे झाल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. समोर सरसगड काळोखात उभा. मला एकाएकी माझ्या चुलतभावाची आणि त्याच्या एका फार लाडक्या ‘पार्टी’ची आठवण झाली. ती पार्टी मुंबईची, गाणी तिची इंग्रजी, आणि नाव होते रॉक मशीन. (आमच्या पालीत रॉक म्हणजे सरसगड, दुसरा रॉक बहुतेकांना ठाऊक नाही.) तिचेही एक दिवस असेच झाले होते.

१९९३ सालची दिवाळीची सुट्टी मी दादरला काकांकडे घालविली. मी तेव्हा चौदा वर्षांचा. पालीच्या घरी दूरदर्शनचा एकच पडदा, आणि दादरला मात्र केबल. चुलतभाऊ दिवसभर एम टीव्ही लावून बसे आणि काकू दिवसभर तो बंद कर म्हणून सांगत. त्या यंत्रावर एक गाणे वरचेवर लागे. त्याचे नाव ‘प्रिटी चाइल्ड’. गाणारे गोरे नव्हते, आपल्यासारखेच होते, हे पाहून मी चकित झालो. भावाने मला मोठ्या अभिमानाने सांगितले की ही आपली मुंबईची मुले आहेत आणि आशियातल्या प्रेक्षकांच्या कौलाने याच गाण्याला यंदा एम टीव्हीचे बक्षीस मिळाले आहे. मग त्याने शाळेत कविता म्हणावी तशी त्यांची नावे म्हणून दाखविली : गाणारा उदय बेनेगल, गिटारवर महेश टिनाईकर आणि जयेश गांधी, बास गिटारवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रम्सवर मार्क मिनेझिस. काका पेपर वाचीत होते. पेपर खाली न करता ते म्हणाले, “टिनाईकर? आडनाव तर आपल्या बाजूचं दिसतंय. मग गातात कशाला इंग्रजीत?”

काकांच्या या प्रश्नाचे उत्तर भावाला देता आले नाही. आज मीही ते सरळ देऊ शकणार नाही. पण पुढे जे झाले त्याचे सगळे मूळ त्या प्रश्नात होते, असे आता वाटते.

रॉक मशीन १९८४ साली मुंबईत निघाले. सुरुवातीचा गायक निराळा होता. बेनेगल मागाहून आला. आरंभी ही मंडळी विलायती बँडांचीच गाणी वाजवीत. त्यात गैर काही नाही. आपल्या नाटकवाल्यांनीही कानडी आणि हिंदुस्थानी चिजांवर पदे बांधूनच सुरुवात केली होती. परंतु यांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. स्वतः गाणी रचली, चाली लावल्या आणि १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ अशा दोन ध्वनिफिती काढल्या. ज्या देशात गाणे म्हणजे चित्रपटाचे गाणे, ज्यात गीतकार एक, संगीतकार दुसरा, गाणारा तिसरा आणि पडद्यावर ओठ हलविणारा चौथा, तिथे पाचसहा मुलांनी आपले शब्द आपणच लिहून आपल्याच गळ्याने आणि हाताने लोकांपुढे मांडावे, ही साधी गोष्ट नव्हती.

या मंडळींचे पंढरपूर म्हणजे धोबीतलावाचे रंगभवन. झेवियर कॉलेजच्या शेजारचे ते उघडे नाट्यगृह. १९७८ पासून तिथे जाझ यात्रा भरली आणि १९८६ साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ नावाचा नवशिक्या बँडांचा मेळा सुरू केला, तोही पुढे तिथेच गाजला. मी बारावीत असताना भाऊ मला एकदा तिथे घेऊन गेला. त्या संध्याकाळी पाचसात बँड एकामागून एक वाजले. मला शब्द एकही समजला नाही. गाणे संपले केव्हा आणि दुसरे लागले केव्हा हेही कळत नव्हते. पण पायांखालची जमीन हादरत होती, आणि माझ्याभोवतीची शेकडो पोरे डोळे मिटून ओळीन् ओळ म्हणत होती. भजनात आणि पालखीत मी असली तल्लीनता पाहिली होती. ती काळे सदरे घातलेल्या आणि केस वाढविलेल्या पोरांत असेल असे वाटले नव्हते. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनातले हे जलसे बंद पडले. जवळ रुग्णालये होती. नियम चुकीचा होता असे कोण म्हणेल? पण पंढरपूर गेले, ते गेलेच.

बक्षीस मिळाले त्याच वर्षी, म्हणजे १९९३ मध्ये, रॉक मशीनने आपले नाव बदलून इंडस क्रीड असे केले होते. इंडस म्हणजे सिंधू. आपण सिंधूकाठचे, नुसते विलायतेचे प्रतिध्वनी नव्हे, असे त्यांना सांगावयाचे असणार. गाण्यातही आपल्याकडचे सूर अधिक येऊ लागले होते. नऊ वर्षे कमावलेले, लोकांच्या तोंडी बसलेले नाव आपण होऊन टाकून द्यावयाचे, आणि तेही सर्वांनी मिळून, याला छाती लागते. मला हे विशेष आठवले, कारण रविवारी नावाच्या वाटणीचाच कागद लिहावयाचा होता.

१९९५ साली ‘इंडस क्रीड’ याच नावाची ध्वनिफीत निघाली. गुण होते, नाव होते, बक्षीस होते, देशभर दौरे होत होते. आणि १९९७ साली बँड मोडला.

का मोडला? भाऊ आठवडाभर जेवला नाही असे काकू सांगत. थोडी अतिशयोक्ती असेल. पण त्याला कोणी कारण विचारले की तो म्हणे, “हिंदीने खाल्लं.” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. एम टीव्ही आपल्याकडे १९९१ साली स्टार वाहिन्यांबरोबर आला तेव्हा त्याला आशिया खंडात दाखवावयास आपल्यासारख्या दिसणाऱ्या, इंग्रजीत गाणाऱ्या मुलांची गरज होती. १९९४ मध्ये तो स्टारपासून वेगळा झाला, त्याच्या जागी चॅनल व्ही आले, आणि १९९६ साली एम टीव्ही खास भारतासाठी म्हणून पुन्हा आला, तेव्हा दोघांनाही कळून चुकले होते की इथे बाजार हिंदीचा आहे. १९९५ साली अलिशा चिनॉय ‘मेड इन इंडिया’ म्हणत घराघरांत पोचली. त्याच सुमारास दलेर मेहंदी, मग लकी अली. आणि त्यांच्या मागोमाग चित्रपटाची गाणी पुन्हा आपल्या सिंहासनावर येऊन बसली. इंग्रजीत गाणाऱ्याला त्या दरबारात जागा उरली नाही. ज्यांना हिंदीची वाट सापडली ते तरले. पेंटाग्राम या मुंबईच्याच बँडचा गायक विशाल ददलानी १९९९ पासून चित्रपटांना संगीत देऊ लागला आणि आज विशाल-शेखर ही जोडी साऱ्या देशाला ठाऊक आहे. ठाऊक आहे ती चित्रपटांमुळे. त्यांतल्या किती जणांनी पेंटाग्राम ऐकले असेल?

तरीसुद्धा ‘हिंदीने खाल्ले’ एवढ्याने माझे समाधान होत नाही. मास्तराला कोणतीही गोष्ट दुसऱ्या गोष्टीशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय समजत नाही, आणि मराठीच्या मास्तराकडे अशा वेळी शेजारी ठेवावयास नाटक मंडळ्यांवाचून दुसरे आहे तरी काय?

आपल्याकडची सर्वांत गाजलेली फूट म्हणजे किर्लोस्कर मंडळीची. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि जी कंपनी उभी राहिली ती अण्णासाहेब गेले, भाऊराव कोल्हटकर गेले, तरी टिकली. १९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ तिनेच केले. पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर वारले, आणि मालकी कुणाची, मान कुणाचा हा प्रश्न आत धुमसू लागला. ‘मानापमान’ हे नाव कंपनीला फारच लागू पडले म्हणावयाचे! १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे असे तिघे बाहेर पडले आणि तिघांच्या भागीत गंधर्व नाटक मंडळी निघाली. आता सर्वांना वाटावे की किर्लोस्कर संपली. ती संपली नाही. तिने दीनानाथ मंगेशकरांना पुढे आणले. आणि १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले तेव्हा तिच्यातून बळवंत संगीत मंडळी निघाली. इकडे गंधर्व मंडळीतून टेंबे गेले, त्यांनी शिवराज मंडळी काढली. मागाहून बोडसही गेले. एका कंपनीच्या किती कंपन्या झाल्या ते मोजा!

आणि मौज अशी की या भांडणांनी मराठी वाङ्मयाची चैन झाली. बोडसांनी ‘माझी भूमिका’ लिहिले, टेंब्यांनी ‘माझा जीवनविहार’, कोल्हटकरांनी ‘बहुरूपी’. कोण कुणाला काय बोलले, कुणाचे किती देणे राहिले, सारे आपण चवीने वाचतो. मुंबईच्या त्या बँडमधल्या एकानेही असे पुस्तक मराठीत लिहिलेले नाही, आणि लिहिले असते तरी ते कोणी मागितले असते की नाही, शंकाच आहे.

इथे माझ्यातल्या व्याकरणवाल्याने डोके वर काढले. आपण म्हणतो, किर्लोस्कर कंपनी फुटली. आणि म्हणतो, बँड मोडला. दोन्ही क्रियापदे नाशाची, पण फुटणे म्हणजे नुसता नाश नव्हे. कप फुटतो हे खरे, हल्ली पेपर फुटतात आणि पक्षही फुटतात. पण पालवी फुटते, पान्हा फुटतो, तांबडे फुटते, मुलाला कंठ फुटतो. एकातून दुसरे निघावयाचे असेल तिथे मराठी माणूस फुटणे हा शब्द घालतो. मोडणे निराळे. लग्न मोडते, शपथ मोडते, पाठ मोडते. मागे काही निघत नाही. किर्लोस्कर फुटली, कारण तिच्या मागे सांगलीपासून नागपूरपर्यंत तिकीट काढून बसणारी, पदे तोंडपाठ असणारी माणसे होती. एका कंपनीच्या दोन झाल्या तरी दोन्हींना पुरून उरतील इतकी. इंडस क्रीड मोडला, कारण मुंबई, बंगळूर, दिल्ली, कलकत्ता, शिलाँग इथली कॉलेजातली पोरे सोडली तर त्याच्यामागे कोणी नव्हते. आणि ती पोरे पदवी घेऊन नोकरीला लागली की त्यांचे ऐकणे कमी होई. गुणांत हे लोक कमी होते असे मी म्हणणार नाही. घर चालावयास श्रोते लागतात, ते त्यांना इथे पुरेसे नव्हते.

वाद्य परके म्हणून असे झाले, हे मात्र मी मान्य करणार नाही. टेंबे ज्या पेटीवर सारी हयात अमर झाले ती पेटी युरोपातून आलेली. आमच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली थोरली घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर दिली असे सांगतात. म्हणजे ती मूळ फिरंग्यांची. तिचा आवाज परका आहे असे कुठल्याही यात्रेकरूला आजवर वाटले नाही. बेंजोही जपानचा. वाद्ये सारी आपली होतात. काकांना खटकली होती ती भाषा, आणि काका एकटे नव्हते. माझ्यापुरते सांगावयाचे तर मला त्या मुलांचा राग कधी आला नाही. घरी, शाळेत, मित्रांत ज्याची भाषा इंग्रजी आहे त्याने मनातले इंग्रजीत सांगितले तर ते खोटे कसे? उलट ओढूनताणून हिंदीत गायिले असते तर ते खोटे ठरले असते. पण खरे बोलणाऱ्याला पोट भरेल इतके श्रोते मिळतातच असे नाही.

बँड मोडल्यावर उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी ‘आल्म्स फॉर शांती’ नावाचा नवा संच काढला. शांतीसाठी भिक्षा! ते नाव प्रथम वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माधुकरीची झोळी उभी राहिली. आणि तेरा वर्षे वाजवून तेरा वर्षे गप्प राहिलेला इंडस क्रीड २०१० साली पुन्हा उभा राहिला. जुन्यांपैकी बेनेगल, टिनाईकर आणि बालापोरिया. बास गिटारवर रुषद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे दोघे नवे, वयाने पुष्कळच लहान. २०१२ साली त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ नावाचा संग्रह काढला. माझा भाऊ तोपर्यंत एका विमा कंपनीत मोठा साहेब झाला होता आणि डोक्यावरचे केस वाढविण्याचा प्रश्नच उरला नव्हता. त्याने मला रात्री साडेअकराला फोन केला. “ऐकतोयस ना?” असे म्हणून त्याने फोन स्पीकरपाशी धरला. मला नुसती खरखर ऐकू आली. मी म्हटले, “छान आहे.” तो म्हणाला, “पूर्वीसारखं नाही. पण छान आहे.” मग बराच वेळ दोघेही काही बोललो नाही.

रविवारी पोरे आली. या खेपेस सात होती. रुसलेलाही आला होता आणि दाराशीच बसला. मी कच्चा मसुदा वाचून दाखविला. कर्जाचे असे लिहिले होते की वाजविणारे सहा जण आणि कीबोर्डवाला, सगळे मिळून ते फेडतील आणि जामिनाच्या अंगावर काही येऊ देणार नाहीत. यावर बेंजोवाला म्हणाला, “पेणकडची पहिली सुपारी मिळाली की माझे मी आधी देतो.” कीबोर्डवाल्याने मान खाली घातली होती. त्याच्या वडिलांनी भातशेतीच्या जोरावर सही केली होती, हे मला त्या वेळी कळले.

मग मी नावाच्या कलमाशी आलो आणि न राहवून त्यांना सगळे सांगितले : ते रॉक मशीन, ते इंडस क्रीड, ती किर्लोस्कर आणि ती गंधर्व. फुटणे आणि मोडणे यांतला भेद तर मी वर्गात समजावून सांगावा तसा सांगितला. म्हटले, “तुमच्यात दोन पार्ट्या निघणार असतील तर ‘फुटली’ लिहितो. निघणार नसतील तर ‘मोडली’ लिहावे लागेल. विचार करून सांगा.”

कोणी बोलेना. शेवटी व्याकरणात नापास झालेला तो ढोलकीवाला म्हणाला, “पण सर, मटकीला मोडच येतात ना?”

मी गप्प झालो. वीस वर्षे भाषा शिकवितो आणि घरी दर आठवड्याला मटकी भिजत पडते, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. रुसलेला पोरगा प्रथमच हसला आणि दाराशी बसल्या बसल्या म्हणाला, “पाचशेची नोट मोडली तरी पैसे तेवढेच राहतात. फक्त ज्याच्या त्याच्या खिशात जातात.”

यावर ते सगळे हसले आणि मग आपापसांत बोलू लागले. माझी त्यांना आठवण राहिली नाही. तुळशीचे लग्न झाले की सराई सुरू, त्यात पहिल्या दोन सुपाऱ्या आधीच घेतलेल्या, आगाऊ पैसे खर्च झालेले. त्या दोन वाजवाव्याच लागतील. कीबोर्डवाला पाळी बदलून घेईन म्हणाला. बेंजोवाला म्हणाला, पेणवाल्यांना तेवढे सांगतो. नावाचे काय ते त्या दोन सुपाऱ्या झाल्यावर पाहू, असे ठरले. मी विचारले, “मग कागदात काय लिहू?”

“तेवढी ओळ कोरी ठेवा, सर,” ढोलकीवाला म्हणाला. “कर्जाचं तेवढं पक्कं लिहा.”

कर्जाचे मी पक्के लिहिले. सातांनी सह्या केल्या. आठव्याची दुसऱ्या दिवशी घेऊन आले. नावाच्या कलमात चार बोटे जागा कोरी आहे आणि कागद माझ्या कपाटात आहे. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली हळद आमच्याच आळीत आहे. रात्री झोप मिळावयाची नाही, हे मी घरात आधीच सांगून ठेवले आहे.